राजपत्रातील शिपाई : नाईक यशवंत घाडगे यांच्या मृत्यूची नोंद आणि तिच्या मर्यादा

दि. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. ते तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाल्यामुळे त्यांच्या अखेरच्या काही मिनिटांचे वर्णन नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडन गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाले. ग्रामीण शिपायाच्या मृत्यूची इतकी तपशीलवार नोंद मिळणे हा अपवादच होय. म्हणूनच ऐतिहासिक साधन या नात्याने ती नोंद काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते.

जून १९४४ मध्ये रोम पडल्यावर जर्मन सैन्य टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे हटत होते आणि प्रत्येक टेकडीवर प्रतिकार करीत होते. त्यांच्यावर चालून जाणाऱ्या दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये ही पलटण होती. राजपत्रातील वृत्तान्त असा : घाडगे यांच्या हाताखालील तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार वा जखमी झाले. तेव्हा ते एकटेच ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांना निकामी केले, दुसऱ्या एकाला टॉमीगनने टिपले. आणि मॅगझिन बदलण्यास सवड न उरल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या प्रहारांनी ठार केले. त्यानंतर लपलेल्या शत्रूच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, जिंकलेल्या ठाण्यातच त्यांना मृत्यू आला.

या वृत्तान्तातील कृती इतरांना दिसण्याजोग्या होत्या. शौर्यपदकाच्या शिफारशीस साक्षीपुराव्याची आवश्यकता असते, हेही येथे लक्षात घ्यावे. तथापि आपल्यासोबत येण्यास कोणी उरलेले नाही हे घाडगे पूर्णपणे जाणून होते, असेही राजपत्र सांगते. हे विधान कृतीविषयी नसून मनाविषयी आहे. आणि ज्याचे ते मन, तो तर ठाण्यातच मरण पावला होता. येथे साक्ष संपते आणि अनुमान सुरू होते. हे अनुमान खोटे ठरविण्याचे कारण नाही. परंतु ते कशासाठी केले गेले हे ओळखले पाहिजे. पदकासाठी केवळ धाडस पुरत नाही, ते जाणूनबुजून केलेले असावे लागते. म्हणून प्रशस्तीची भाषा मृताच्या मनाला निश्चित आकार देते.

दुसरी मर्यादा मौनाची आहे. तुकडीतील ज्या सोबत्यांच्या पडण्याने ही कृती घडली, त्यांपैकी एकाचेही नाव प्रशस्तीत नाही. घाडगे यांच्या आधीच्या २२ वर्षांनाही तीत जागा नाही. ते आयुष्य समजून घेण्यासाठी साधनांचा मार्ग बदलावा लागतो. १९३९ मध्ये सुमारे दोन लाख असलेले भारतीय सैन्य १९४५ पर्यंत सुमारे पंचवीस लाखांवर गेले. ही भरती सक्तीची नव्हती. परंतु 'स्वेच्छा' हा शब्द कोकणात कोणत्या परिस्थितीत वापरला जात होता, हे विचारावयास हवे. पावसाळी भाताचे एकच पीक, लहान तुकड्यांची शेती, अनेक भागांत १९४९ च्या कायद्यापर्यंत टिकलेली खोती आणि उपजीविकेसाठी मुंबईच्या गिरण्या वा पलटण अशी ती परिस्थिती होती. यांवरून एखाद्या विशिष्ट तरुणाचा हेतू सिद्ध होत नाही. त्याच्यापुढे कोणते पर्याय होते एवढेच ठरविता येते. शिपायांची पत्रे हे अधिक जवळचे साधन. पण अभ्यासकांना ती बहुधा सेन्सॉरने निवडलेल्या इंग्रजी उताऱ्यांच्या रूपात मिळतात. आपले पत्र वाचले जाणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असे, हेही विसरून चालणार नाही.

याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरील पराक्रमाबद्दल हाच सन्मान मिळाला. ते युद्धातून परतले व १९८४ पर्यंत जगले. परतलेल्या शिपायाला आपल्या प्रशस्तीत भर घालता येते, तीतील चूक दाखविता येते. घाडगे यांच्या बाबतीत ती शक्यताच उरली नाही. त्यांचे पदक १९४५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्यांच्या पत्नीला देण्यात आले.

त्यांची स्मृती आज तीन ठिकाणी जपलेली आहे. ज्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे; माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे; आणि इटलीतील मोंतोने या गावी जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले. यांपैकी कॅसिनोचे स्मारक संशोधकाला विशेष मोलाचे आहे. तेथे पदक मिळालेला व न मिळालेला असे दोघेही रेजिमेंटनिहाय एकाच यादीत येतात. ग्रामीण सैनिकाचा इतिहास लिहावयाचा तर घाडगे यांच्या प्रशस्तीपासून आरंभ करून त्या यादीपर्यंत, आणि यादीतील नावांपासून त्यांच्या गावांपर्यंत, जावे लागेल. राजपत्राने एकाचा मृत्यू सांगितला. त्या दिवशी त्याच्याभोवती पडलेल्यांची ओळख पटविणे हे अभ्यासकांचे काम आहे.