नवेगावबांधच्या सहलीचे कागद

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध म्हटले की आज आधी वाघ आठवतो, व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार आठवते. पण हे गाव पूर्व विदर्भाला त्याआधीपासून ठाऊक आहे ते सहलीचे ठिकाण म्हणून. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा तलाव, त्याच्या काठच्या बागा, जंगलाच्या कल्पनेवर उभारलेले मुलांचे उद्यान, हरणांचे कुंपण, पक्ष्यांचे दालन, मनोरे आणि नौकाविहार असे वर्णन पर्यटन खात्याच्या माहितीत वर्षानुवर्षे छापले गेले. या जुन्या उद्यानाचे कागद, म्हणजे प्रवेशाची तिकिटे, माहितीपत्रके, नावेच्या पावत्या, शाळेच्या सहलींचे गटफोटो आणि या परिसरावरची पुस्तके, कोणीतरी आता नेटाने जमवायला हवीत, आणि ती याच तालुक्यात राहायला हवीत, असे माझे ठाम मत आहे. जंगलाच्या नोंदी वन खाते ठेवते, पक्ष्यांच्या नोंदी अभ्यासक ठेवतात. इथे आलेल्या माणसांची नोंद मात्र कोणाच्याच कामात बसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की नवेगावबांधवर उत्तम पुस्तके आहेत, मग तिकिटांची चिकटवही कशाला? पुस्तके आहेत, आणि तो आपला मोठाच ठेवा आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे काढलेला काळ ‘नवेगावबांधचे दिवस’मध्ये आहे, त्यांच्या इतर लेखनातही हा तलाव आणि इथले जाणकार माधवराव पाटील पुन्हा पुन्हा भेटतात. चितमपल्ली २००६ मध्ये सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. संग्रहाची सुरुवात त्यांच्या पुस्तकांपासूनच व्हावी, शक्य तर पहिल्या आवृत्तीपासून, कारण मुखपृष्ठ आणि जुनी किंमत हीसुद्धा माहितीच असते. पण त्या पुस्तकांचा जीव पाखरांत, माशांत, झाडांत आणि त्यांना ओळखणाऱ्या माणसांत आहे. एका दिवसासाठी डबा बांधून आलेले कुटुंब, पहिल्यांदा एवढे पाणी पाहणारी चौथीतली मुले हा त्या पुस्तकांचा विषय नाही, आणि असायलाही नको. ती बाजू फक्त किरकोळ कागदांत सापडते.

कागद नसले की काय होते, याचा पुरावा याच तलावात आहे. हा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे सांगितले जाते. भंडारा-गोंदियाच्या भूमीत तलावांचे जाळे विणणाऱ्या कोहळी समाजातला हा माणूस पुढे कोलासूर देव झाला. लोकांनी त्याला देवपण दिले हे कृतज्ञतेचे फार सुंदर रूप आहे. पण बांधाचे काम किती वर्षे चालले, मजूर कुठून आले, खर्च कोणी उचलला, यांची उत्तरे देवळात मिळत नाहीत. तीनशे वर्षांपूर्वीच्या गावाकडून कागदांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे मात्र छापखाने होते, कॅमेरे होते, पावतीपुस्तके होती. सरकारी दप्तरातल्या किरकोळ कागदांना ठरावीक मुदत असते. ती संपली की तिकिटांच्या स्थळप्रती रद्दीत जातात. म्हणून घरोघरी उरलेली प्रत हीच मूळ प्रत ठरते.

अशा कागदांवर तारीख नसते, मग त्यांचा उपयोग काय, असेही विचारले जाईल. थोडे निरखून पाहिले तर कागद आपले वय स्वतःच सांगतो. पत्त्यात पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोडची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. ‘नवेगाव राष्ट्रीय उद्यान’ असे छापले असेल तर तो १९७५ च्या घोषणेनंतरचा. ‘जि. भंडारा’ असेल तर बहुधा १ मे १९९९ च्या आधीचा, कारण त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. बहुधा म्हणायचे, कारण जुने शिक्के आणि उरलेले छापील कागद पुढेही काही काळ वापरले जातात. ‘नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प’ हे नाव डिसेंबर २०१३ नंतरचे. दूरध्वनीचे आकडे जितके कमी, तितका कागद जुना. तिकिटाचा दर, छापखान्याचे नाव, फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का हे सगळे जुळवत गेले की एका साध्या माहितीपत्रकाचा काळ पाच-दहा वर्षांच्या आत बांधता येतो. आणि अशी पन्नास पत्रके ओळीने मांडली की सहलीचे ठिकाण हळूहळू संरक्षित जंगल कसे झाले, बागेचे वर्णन कधी आखडले आणि नियमांची यादी कधी लांबली, हे डोळ्यांना दिसू लागते. एकेकटे तिकीट ही आठवण असते. क्रमाने लावलेली तिकिटे हा इतिहास असतो. या एका कारणासाठी तरी मी संग्राहकाला हौशी म्हणून बाजूला सारणार नाही.

मोबाइलवर फोटो काढून ठेवले की झाले, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. प्रती जरूर काढाव्यात. आगीत, पुरात, वाळवीत त्याच वाचतील. पण फोटो घेणारा समोरची बाजू घेतो आणि मागचे पेन्सिलीचे अक्षर सोडतो. शिवाय इथल्या पावसाळ्यात कागद टिकवायचा तर काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात: लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, गंजणाऱ्या टाचण्या काढून टाकाव्यात, आणि प्रत्येक वस्तूसोबत ती कोणत्या गावातून, कोणाच्या सहलीतली, साधारण कोणत्या वर्षाची आहे हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे.

संग्रहाने बाजार तयार होतो, ही शंका अधिक गंभीर आहे. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या डिस्नेलँडचे जुने नकाशे आणि फलक आज लिलावात मोठ्या किमतीला जातात. पण त्याच डिस्ने कंपनीने १९७० मध्ये स्वतःचे दप्तरखाने उभारले, हेही पाहिले पाहिजे. तिथे मालक एक होता आणि आपल्या वस्तूंची किंमत त्याला कळली. आपल्याकडे ते काम बहुतेक वेळा एकेका माणसाने केले आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह राज्य सरकारच्या हाती सोपवला. नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले तेही त्याच वर्षी. अडकित्त्यात इतिहास असू शकतो हे ज्या महाराष्ट्राने मान्य केले, त्याला नावेच्या पावतीत तो दिसायला हरकत नसावी.

एक मर्यादा मात्र निरपवाद हवी. संग्रह कागदांचा, जंगलाचा नव्हे. राष्ट्रीय उद्यानातून वन्यजीव किंवा वनोपज उचलून नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. जुन्या सहलीची आठवण म्हणून कोणी शिंग, कातडे दाखवले तर ते संग्रहात घेऊ नये, विकत तर मुळीच घेऊ नये. उद्यानातले जुने फलकही उखडून आणायचे नाहीत. त्यांचा जागेवरच फोटो घ्यावा आणि ठिकाण लिहावे.

हे सगळे ठेवायचे कुठे? नागपूरच्या मोठ्या ग्रंथालयात कागद अधिक सुरक्षित राहतील, हे मान्य. तरीही मूळ संग्रह अर्जुनी मोरगावला आणि प्रती नागपूरला असाव्यात, असे मला वाटते. गटफोटोतला चेहरा ओळखणारी, नावाडी कोण होता ते सांगणारी, बागेची कमान कुठे होती तिथे नेऊन दाखवणारी माणसे याच पंचक्रोशीत आहेत आणि त्यांचे वय होत चालले आहे. त्यांच्यासमोर फोटो ठेवून नावे लिहून घेण्याचे काम वाचनालयातले एक कपाट, एक नोंदवही आणि शाळेचा एक शिक्षक एवढ्यावर सुरू होऊ शकते. कपाटाआधी नोंदवही सुरू झाली तरी चालेल.