मोटारसायकल न आवडणारा माणूस

सुरतेजवळच्या कामरेज चौकडीवर मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून आलेल्या प्रवाशाला सर्वांत आधी गाठतात ते रिक्षावाले. सुरतेत खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी, त्यामुळे गुजरातीत सुरू झालेली भाड्याची घासाघीस मध्येच अहिराणी वळणावर जाते. भाडं ठरलं की चालकाच्या डाव्या हाताकडे पाहावं. तो क्लच दाबतो, मूठ पिळतो आणि गिअर पडतो. गिअर हँडलच्या मुठीत असावा, हे ठरवलं होतं इटलीतल्या एका विमान अभियंत्याने, १९४६ साली. त्याचं नाव कोर्रादिनो दास्कानियो.

१८९१ साली अब्रुझ्झो प्रांतातल्या पोपोली गावी त्याचा जन्म झाला. तुरीनच्या तंत्रशिक्षण संस्थेतून तो अभियंता झाला आणि आयुष्यभर एकाच वेडाने झपाटला गेला: जागच्या जागी वर उठणारं विमान. पिएत्रो त्रोयानी नावाच्या सरदाराच्या पैशावर त्याने हेलिकॉप्टरं बनवली. त्यांतल्या तिसऱ्याने ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चाम्पिनो विमानतळावर पावणेनऊ मिनिटं हवेत राहून, १८ मीटर उंच जाऊन आणि किलोमीटरभर उडून विक्रम केले. एकावर एक, उलट दिशांना फिरणारे दोन पंखे ही त्याची रचना होती. विक्रम झाले, गिऱ्हाईक मिळालं नाही. कंपनी बुडाली आणि १९३२ साली दास्कानियो पियाज्जो कंपनीत विमानांचे पंखे बनवायला रुजू झाला.

दुसऱ्या महायुद्धात पियाज्जोचा पोंतेदेराचा कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. हरलेल्या इटलीत विमानं घेणार कोण? मालक एन्रिको पियाज्जोने ओळखलं की लोकांना आता स्वस्तातली दुचाकी हवी आहे. कंपनीच्या माणसांनी आधी एक नमुना केला होता, पण तो मालकाला पसंत नव्हता. काम दास्कानियोकडे आलं. गंमत अशी की त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. साखळीच्या तेलाने कपडे बरबटतात, टांग टाकून बसावं लागतं, चाक पंक्चर झालं तर काढताना जीव जातो, अशा त्याच्या तक्रारी होत्या. त्याने त्या एकेक करून निकालात काढल्या.

इंजिन थेट मागच्या चाकाशेजारी बसवलं आणि साखळीच काढून टाकली. सांगाड्याऐवजी विमानासारखं पत्र्याचं कवच घेतलं. तेच सगळा भार पेलतं. पुढचं चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या दांड्यावर टांगलं, म्हणजे नट सोडले की ते मोटारीच्या चाकासारखं बाहेर येतं. पाय ठेवायला सपाट जागा, पुढे चिखल अडवणारा पत्रा, गिअर हातात. २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्समध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. पहिल्या गाडीचं इंजिन ९८ सीसीचं होतं आणि तिचं नाव व्हेस्पा.

माझ्या मते दुचाकीच्या इतिहासात इतकी शहाणी नावड दुसरी नाही. यंत्राच्या प्रेमात पडलेला माणूस त्याचे दोष लाडाने सहन करतो. याला लाड करायचेच नव्हते. आणि त्याचा फायदा इटलीइतकाच आपल्या मध्यमवर्गाला झाला. नऊवारी नेसलेली आजी मागे आडवी बसू शकली, धोतराचा सोगा साखळीत गेला नाही, पुढच्या सपाट जागेत एक मूल उभं राहिलं किंवा गॅसचा सिलिंडर मावला. यातलं काही दास्कानियोच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. रचनेला दोषही होते. इंजिनाचं वजन एका बाजूला, म्हणून गाडी उजवीकडे कलायची. चाकं लहान, म्हणून पावसात घसरायची. कीक मारण्याआधी गाडी तिरकी करायची पद्धतही आपल्याकडे पडली.

बजाजने व्हेस्पा आधी आयात केल्या आणि १९६०च्या सुमारास परवान्यावर इथेच बनवायला घेतल्या. १९७१ मध्ये करार संपला, तरी रचना राहिली. १९७२ साली चेतक आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया निघू लागली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली घरं आजही तो काळ सांगतात.

रिक्षाची वाट थोडी वेगळी. १९४८ साली पियाज्जोने व्हेस्पाचंच इंजिन लावून तीनचाकी मालगाडी काढली. तिचं नाव आपे. रचना पुन्हा दास्कानियोचीच. माणसाने माणसाला ओढणं बंद व्हावं या विचाराच्या त्या काळात पुण्याच्या नवलमल फिरोदियांनी तशा मालगाडीवर माणसं बसवायची कल्पना लढवली, मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना ती पटवली आणि ऑटोरिक्षा रस्त्यावर आली. आज बजाजच्या रिक्षा वाळूजला बनतात, पियाज्जोच्या बारामतीला. म्हणजे कामरेजच्या चौकडीवर उभ्या असलेल्या रिक्षांचं माहेर बहुतेक करून महाराष्ट्रच.

दास्कानियोला स्वतःला या कीर्तीचं फारसं अप्रूप नव्हतं; आपल्याला स्कूटरसाठी नव्हे, हेलिकॉप्टरसाठी ओळखावं असं त्याला वाटे. व्हेस्पा धडाधड विकली जात असतानाही तो हेलिकॉप्टरांकडे परतला. १९६४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तो आगुस्ता कंपनीत लहान हेलिकॉप्टरचं काम करायला गेला. पण त्याचं एकही हेलिकॉप्टर मोठ्या संख्येने बनलं नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये पिसा इथे तो वारला. १९८८ साली व्हेस्पांचा आकडा एक कोटीवर गेला.

आयटीआयच्या आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना एक विनंती आहे. गावात भंगारात निघालेली चेतक किंवा प्रिया असेल, तर ती वर्कशॉपमध्ये आणून मुलांकडून उघडून घ्या. उजवीकडचं झाकण काढा, पुढचं चाक सोडवायला लावा, आणि मगच या माणसाचं नाव सांगा.