अंदाजाचं शास्त्र, लेखांक ७ : गदा कुणाच्या खांद्यावर?

जानेवारी २०२३. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा. माती विभागाच्या अंतिम कुस्तीत समोरासमोर आले ते दोघंही आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले : मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड. बहुतेकांनी सिकंदरचं नाव धरलं होतं. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले आणि कुस्ती महेंद्रकडे गेली. मग किताबाच्या लढतीत गादी विभागाचा विजेता शिवराज राक्षे यानं त्याच महेंद्रला मिनिटभराच्या आत चितपट केलं. पुढे नोव्हेंबरात, पुणे जिल्ह्यातल्या फुलगावात, सिकंदर आणि शिवराज किताबासाठी भिडले. अर्धं मिनिटही झालं नव्हतं, तोवर सिकंदरनं झोळी बांधून शिवराजला आस्मान दाखवलं होतं.

म्हणजे सिकंदरला महेंद्रनं हरवलं, महेंद्रला शिवराजनं हरवलं आणि शिवराजला सिकंदरनं. आता सांगा, तिघांत भारी कोण?

गेल्या आठवड्यात आपण पावसाच्या अंदाजाकडे पाहिलं. तिथं आकाशाला कुणाशी झुंजायचं नसतं. कुस्तीत मात्र एकाची ताकद दुसऱ्याच्या अंगाला लागूनच ठरते. म्हणून जाणता वस्ताद 'कोण भारी' असं विचारत नाही, 'जोड कशी आहे' असं विचारतो. एखाद्या मल्लाचा पट काढण्यात हात कुणी धरत नाही. पण समोरचा उंच, लांब हातांचा आणि खाली वाकून मान दाबणारा असला की तोच पट त्याच्या अंगाशी येतो. तिसरा असा निघतो की त्या उंच मल्लाला पहिल्या झटक्यात, तो सावरायच्या आत, उचलतो. तिघांची उतरंड लावायला गेलं की ती गोल फिरते आणि जिथून निघाली तिथंच येते. 'अ नं ब ला मारलं, ब नं क ला मारलं, म्हणून अ क ला मारणार' हे गणित शाळेतल्या उंचीच्या रांगेला चालतं, आखाड्यात चालत नाही.

जगातल्या सगळ्यांत गाजलेल्या हेवीवेट मुष्टियुद्धात लोक याच गणितानं फसले होते. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. जगज्जेता जॉर्ज फोरमन विरुद्ध मोहम्मद अली. जो फ्रेझरनं १९७१ मध्ये अलीला हरवलं होतं, केन नॉर्टननं १९७३ मध्ये हरवलं होतं. त्या दोघांनाही फोरमननं दुसऱ्याच फेरीत संपवलं होतं. उतरंड स्वच्छ दिसत होती आणि अलीच्या जिवाची काळजी करणारेही कमी नव्हते. पण फ्रेझर आणि नॉर्टन दोघंही पुढे घुसून लढणारे होते. ते आपणहून फोरमनच्या ठोशांच्या टप्प्यात आले. अली दोरांना टेकला, मार हातांवर झेलत राहिला आणि फोरमनला दमवून आठव्या फेरीत त्यानं त्याला खाली पाडलं. फोरमनचा जोर खोटा नव्हता. पण तो कुणाविरुद्ध दिसला होता, हे अंदाज बांधणाऱ्यांनी नीट पाहिलं नाही.

मुष्टियुद्धाच्या किताबाला एकच लढत असते. महाराष्ट्र केसरीला तसं नाही. इथं मल्ल मोजक्या दिवसांत चार-पाच कुस्त्या काढतो आणि मग गदेपर्यंत पोचतो. याचा हिशेब फार थोडे लोक करतात. समजा, एखादा मल्ल इतका तयार आहे की कुणाशीही लढला तरी दहापैकी आठ कुस्त्या मारेल. पाच कुस्त्या सलग मारण्याची त्याची शक्यता किती? ०.८ ला पाच वेळा गुणा. उत्तर येतं जेमतेम ३३ टक्के. म्हणजे राज्यातला निर्विवाद पहिला मल्लही तीनपैकी दोन वर्षी गदेविना घरी जाणार, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. दहापैकी सातवाला असेल तर चार कुस्त्यांनंतरच त्याची शक्यता २४ टक्क्यांवर येते.

जानेवारी २०२० ची बालेवाडीतली स्पर्धा आठवा. आधीच्या वर्षीची अंतिम कुस्ती, म्हणजे डिसेंबर २०१८ ची जालन्यातली, करमाळा तालुक्यातल्या खडकीच्या बाला रफिक शेखनं अभिजीत कटकेवर ११-३ अशी मारली होती. तो बुलढाण्याकडून लढला, पण आनंद आपल्या जिल्ह्यात कमी झाला नव्हता. त्यामुळं बालेवाडीत पुन्हा हीच जोड होणार, असं सगळे धरून चालले होते. झालं उलटंच. बाला रफिकला सोलापूरच्याच माऊली जमदाडेनं घरी पाठवलं, कटकेला नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरनं रोखलं, आणि गदेसाठी सदगीर विरुद्ध लातूरचा शैलेश शेळके अशी कुस्ती लागली. वर्तमानपत्रांनी याला धक्का म्हटलं. पण दोघाही दावेदारांना अंतिम लढतीआधी प्रत्येकी तीन कुस्त्या ८० टक्के शक्यतेनं मारायच्या आहेत असं धरलं, तरी दोघं एकाच वेळी तिथं पोचण्याची शक्यता २६ टक्के. चारांत एकदा घडणारी गोष्ट घडली नाही, एवढंच झालं होतं.

सदगीरनं ती कुस्ती ३-२ अशी जिंकली. या आकड्याकडे जरा थांबून पाहू, कारण अवजड गटाचा अंदाज इतका निसरडा का असतो ते याच आकड्यात आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. हलक्या वजनात मल्ल या वेळात दहा-बारा गुणांची देवाणघेवाण करतात. एखादा डाव फसला तरी भरून काढायला वाव असतो. सव्वाशे किलोच्या मल्लांत तसं होत नाही. खडाखडीत बराच वेळ जातो. एकाला निष्क्रियतेची सूचना मिळते, मग तीस सेकंदांत गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण मिळतो. कुणी रेषेबाहेर ढकलला गेला की आणखी एक. एवढ्यावरच गदा ठरू शकते. गुण समान झाले तर मोठ्या गुणाचा डाव कुणी मारला ते पाहतात, मग ताकिदी कुणाला कमी आहेत ते, आणि तेही सारखं असेल तर शेवटचा गुण कुणाचा हे पाहून निकाल देतात. जिथं गुण कमी पडतात तिथं नशिबाचा वाटा वाढतो. क्रिकेटच्या पाच दिवसांच्या कसोटीत कमकुवत संघ क्वचित जिंकतो, फुटबॉलमध्ये बऱ्याचदा जिंकतो. कारण हेच आहे.

आणि या सगळ्यावर चितपट आहेच. नऊ गुणांनी पुढे असलेला मल्लही दोन्ही खांदे टेकले की हरतो. मुष्टियुद्धात तेच काम एक ठोसा करतो. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत माइक टायसन उतरला तेव्हा तो ३७ लढती अपराजित होता आणि समोरच्या बस्टर डग्लसवर लास वेगासमध्ये ४२ ला १ असा भाव होता. म्हणजे बाजार सांगत होता की डग्लसची शक्यता सव्वादोन-अडीच टक्के. दहाव्या फेरीत टायसन जमिनीवर चाचपडत होता.

वजनाबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं. महाराष्ट्र केसरीच्या खुल्या गटात ८६ पासून १२५ किलोपर्यंतचे मल्ल असतात, त्यामुळं तीस किलोंचा फरकही समोर येऊ शकतो. वजनाचा फायदा खरा आहे, पण तो पहिल्या फेरीत जास्त आणि दुसऱ्या फेरीत कमी. मोठ्या देहाला दम लवकर लागतो. मे २०२४ मध्ये रियाधच्या मुष्टियुद्धात टायसन फ्युरी साधारण ११९ किलोचा होता, ओलेक्सांद्र उसिक १०१ किलोचा. उसिकनं दोन-एक अशा पंचमतानं लढत जिंकली आणि हेवीवेटचे सगळे किताब एका माणसाकडे आले. डिसेंबरच्या परतीच्या लढतीला फ्युरी आणखी वजन चढवून, १२७ किलोंच्या घरात, आला. या वेळी तिन्ही पंचांनी उसिकच्या बाजूनं ११६-११२ दिले. म्हणून वजनकाट्यावरचा आकडा एकटा वाचू नये, मागच्या लढतीच्या वेळचा आकडा शेजारी ठेवावा. तीन महिन्यांत आठ किलो चढलेला मल्ल मला तरी भरवशाचा वाटत नाही. त्याची मेहनत कुठंतरी थांबलेली असते.

आपल्या स्पर्धेत आणखी एक गोष्ट आहे, जी मुष्टियुद्धात नाही. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांची किताबाची कुस्ती गादीवर होते. मातीत पाय रुततो, पकड घट्ट राहते, कब्जा घेऊन सावकाश काम करता येतं. गादीवर बूट चिकटतो, पट विजेसारखा येतो आणि रेषेचं भान सतत ठेवावं लागतं. त्यामुळं गादीवाल्याचं पारडं जड असणार असं तर्क सांगतो. प्रत्यक्षात काय दिसतं? जालना २०१८ मातीवाल्यानं मारली, बालेवाडी २०२० गादीवाल्यानं, कोथरूड २०२३ गादीवाल्यानं, फुलगाव २०२३ मातीवाल्यानं, अहिल्यानगर २०२५ गादीवाल्यानं. तीन विरुद्ध दोन. एवढ्याशा आकड्यावर नियम बांधायला जाणं हा अंदाज करणाऱ्यांचा सगळ्यांत जुना रोग आहे. आजचे अवजड मल्ल तालमीत माती आणि गादी दोन्हीवर मेहनत करतात. एखाद्याचा सराव कशावर जास्त आहे ते त्याच्या वस्तादाला विचारावं, विभागाच्या नावावरून ठरवू नये.

मल्ल जिंकायला उतरलाय की न हरायला, हेही पाहावं लागतं. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा पहिलवानासमोर पोलंडचा झबिस्को आला आणि सुरुवातीलाच गादीला चिकटून बसला. अडीच तासांहून जास्त वेळ कुस्ती चालली आणि निकाल लागला नाही. १९२८ मध्ये पतियाळात हेच दोघं पुन्हा भिडले, झबिस्को या वेळी उभ्यानं लढायला आला, आणि गामानं मिनिटाच्या आत निकाल लावला. माणसं तीच होती, फक्त एकाचा बेत बदलला होता.

आता ज्या गोष्टीचं मला मनापासून दुःख होतं तिच्याकडे येतो. कोथरूडच्या त्या बाहेरच्या टांगेवर वाद झाला, तो दोन गुण की चार असा होता. उभ्या कुस्तीतून समोरच्याला पाडून त्याची पाठ थेट धोक्याच्या कोनात नेली तर चार, नुसता खाली घेतला तर दोन. पापणी लवण्याइतक्या क्षणाचा हा फरक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराजचे खांदे टेकले, असं पंचांनी जाहीर केलं. त्याला ते मान्य झालं नाही आणि त्यानं पंचांना लाथ मारली. किताबाच्या कुस्तीत महेंद्रनं शेवटची काही सेकंदं उरली असताना मैदान सोडलं. गदा पृथ्वीराज मोहोळकडे गेली, शिवराज आणि महेंद्र दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणं कुठल्याही कारणानं क्षम्य नाही. पण ज्या निर्णयावर मल्लाची बारा-पंधरा वर्षांची मेहनत आणि घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पुरवलेला खुराक टांगलेला असतो, तो निर्णय सगळ्या कोनांतून चित्रीकरण करून मोठ्या पडद्यावर सर्वांसमक्ष तपासला गेलाच पाहिजे. आव्हान देण्याची सोय नियमांत आहे. ती प्रत्येक अवजड कुस्तीत, न मागताही, वापरली जावी. तोवर अंदाज करणाऱ्यानं पंचांच्या मतभेदासाठी काही टक्के बाजूला ठेवावेत. टोकियोतही आठव्या फेरीत डग्लस खाली पडला होता आणि पंचांनी आकडे सावकाश मोजले, अशी तक्रार टायसनच्या गोटानं केलीच होती.

मग अंदाज करायचाच नाही का? जरूर करायचा, पण टक्क्यांत करायचा आणि लिहून ठेवायचा. हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यानं १९५० मध्ये यासाठी एक साधी मोजणी दिली. तुम्ही म्हणालात, सिकंदर ७० टक्के. तो जिंकला तर १ मधून ०.७ वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा : ०.०९. तो हरला तर ०.७ चाच वर्ग : ०.४९. हा तुमच्या चुकीचा आकडा, जितका कमी तितकं चांगलं. ज्याला काहीच ठाऊक नाही आणि जो प्रत्येक कुस्तीला पन्नास-पन्नास म्हणतो, त्याची सरासरी ०.२५ येते.

आता दोघं जण घ्या. दोघांनी जत्रेतल्या दहा मोठ्या कुस्त्यांत तेच दहा मल्ल निवडले आणि दोघांचेही सात बरोबर आले. पहिला प्रत्येक वेळी ७० टक्के म्हणाला होता. त्याची सरासरी ०.२१. दुसरा छातीवर हात मारून दर वेळी शंभर टक्के म्हणाला होता. त्याची सरासरी ०.३०. तीच नावं, तेवढेच बरोबर, तरी दुसरा काहीच ठाऊक नसलेल्या माणसाच्याही मागे पडला. टाकळी सिकंदरच्या भीमा केसरीला, अकलूजच्या मैदानाला किंवा आपल्या गावच्या जत्रेला जाताना खिशात एक छोटी वही ठेवा. हलगी वाजायच्या आधी जोडीपुढे टक्के लिहा, कुस्ती निकाली होईल की गुणांवर जाईल तेही लिहा, आणि हंगाम संपला की बेरीज करा. कुणी ०.२० च्या खाली आलं, तर मला जरूर कळवा. त्या माणसाशी बसून एकेक जोड समजून घ्यायला मला आवडेल.

पुढच्या लेखांकात : बाजार समितीत कांद्याच्या भावाचा अंदाज.