आईचा पलंग माळ्यावरून खाली आला

सांगलीच्या गावभागात घरभेटीला गेलो की रुग्णाची नाडी पाहण्याआधी माझी नजर पलंगाखाली जाते. पावले मागे घ्यायला तेथे जागा आहे की नाही, हे मी पाहतो. ही सवय मला आईमुळे लागली, आणि तिची किंमतही आईनेच मोजली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले. ते ओसरले तेव्हा पार्टिकल बोर्डाची कपाटे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली होती. साताऱ्याच्या घरून आलेला सागवानी पलंग मात्र धुऊन, सावलीत वाळवल्यावर पुन्हा उभा राहिला. तरीही सारे नवे आणि एकसारखे असावे या हौसेने मी तो सुटा करून माळ्यावर टाकला आणि आईच्या खोलीत गडद तपकिरी संच आणला. पेटीपलंग, कपाट, उशाजवळचे टेबल, सगळे एका रंगाचे. खोली दुकानातल्या चित्रासारखी दिसू लागली. तिसऱ्या आठवड्यात, पहाटे, आई पलंगाच्या कडेवरून घसरली. मनगट मोडले, खुबा वाचला.

आपण बसल्या जागेवरून कसे उठतो, हे एकदा स्वतः करून पाहावे. प्रथम टाचा मागे ओढल्या जातात, मग शरीराचा भार पुढे झुकतो. पेटीपलंगाची फळी जमिनीपर्यंत टेकलेली असते, त्यामुळे टाच तिला अडते आणि तोल मागे जातो. त्यातच फोमच्या गादीची कड दबते. शिवाय वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते, मोतीबिंदू असल्यास नजर आणखी धूसर. गडद फरशीवरील गडद पलंगाची कड पहाटेच्या उजेडात दिसणार कशी? मी डॉक्टर असून हे मला दुकानात सुचले नाही.

म्हणून वृद्धांच्या खोलीत संच मोडलेलाच बरा, असे माझे मत झाले आहे. जुना चार पायांचा पलंग ठेवावा, पण त्याची उंची मापावी. गुडघ्यामागच्या लवणीपासून तळव्यापर्यंतचे अंतर आणि माणूस बसल्यावर दबलेल्या गादीची उंची जवळपास सारखी हवी. पलंग किंचित उंच असला तर उठणे सोपे जाते. जुने पलंग बहुधा फार उंच असतात. अशा वेळी गादी पातळ करावी किंवा सुताराकडून चारही पाय सारखे कापून घ्यावेत. ठेंगण्या पलंगाखाली विटा मात्र लावू नयेत, त्या सरकतात; खोबणीचे लाकडी ठोकळे करून घ्यावेत.

जवळ हातांची, जड आणि न सरकणारी खुर्ची असावी. कपडे बदलताना एका पायावर उभे राहून पडलेले रुग्ण मी बरेच पाहिले आहेत. जुने लोखंडी कपाट कितीही विजोड दिसो, स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला तेच ओळखीचे असते. ते जागचे हलवू नये. नवे घ्यायचेच तर पायाशी मंद दिवा घ्यावा, शौचालयाची वाट दाखवणारा. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी कडेवर एक-दोन मिनिटे बसून मगच उठावे. पायघडीसारखे गालिचे आणि तिवया बाहेर काढाव्यात.

खोली जुन्या बाजारासारखी दिसते, अशी सुनांची तक्रार मी ऐकतो, आणि ती अगदीच खोटी नसते. पडदे आणि खुर्चीची खोळ एका कापडाची शिवली की बराच मेळ बसतो. पलंगावर फिकी सोलापुरी चादर घातली तर कडही उठून दिसते.

आईच्या लवणीचे माप १७ इंच भरले, पलंग गादीसह २१. मिरजेच्या सुताराने पाय ३ इंचांनी कापले तेव्हा ती तोंड फिरवून बसली होती. कापलेले चार तुकडे तिने मागून घेतले. सध्या त्यांतील दोन तिच्या पोथीला टेकू म्हणून आहेत.