रेवाखंडाची वहिवाट

स्कंदपुराणाच्या आवंत्यखंडात ‘रेवाखंड’ म्हणून जो विस्तीर्ण भाग आहे, ज्यात प्रलयामागून प्रलय पाहिलेले मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला नर्मदातीरावरील तीर्थांची एकामागून एक ओळख करून देतात, त्याचे साद्यंत पारायण केलेला मनुष्य आज शोधूनही सापडणे कठीण. आणि तरीही चातुर्मास सरल्यावर जबलपूरच्या ग्वारीघाटावर, पाठीवर वळकटी आणि हातात काठी-कमंडलू घेऊन, नदीला उजव्या हाताशी ठेवीत निघालेले जे परिक्रमावासी दृष्टीस पडतात, ते त्याच ग्रंथपरंपरेच्या आज्ञेने चाललेले असतात. पोथी कपाटात राहावी आणि तिची आज्ञा मात्र रस्त्याने चालत राहावी, हे मला प्राचीन भक्तिग्रंथांच्या सामर्थ्याचे सर्वांत विश्वसनीय प्रमाण वाटते. फलश्रुतीत सांगितलेल्या पुण्याचा निवाडा कोणत्याही दरबारात होणे नाही. परंतु तेराशे किलोमीटर लांबीच्या नदीच्या दोन्ही काठांवर या ग्रंथांनी अन्न, निवारा आणि आदर यांची जी वहिवाट पाडून दिली, ती पाहायला श्रद्धेचीही आवश्यकता नाही.

मत्स्यपुराणातही नर्मदामाहात्म्याचे अध्याय आहेत. सरस्वतीचे जल तीन दिवसांनी, यमुनेचे सात दिवसांनी, गंगेचे तत्काळ पावन करते, आणि नर्मदेचे तर केवळ दर्शनच पुरे, हा त्यांतील सिद्धान्त संस्कृताचा गंधही नसलेल्या खेडुताच्या तोंडी आजही असतो. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेला कर्नल स्लीमन जबलपुरात अंमलदार असताना कार्तिकाच्या अखेरीस भेडाघाटच्या जत्रेला गेला होता, आणि १८४४ साली छापल्या गेलेल्या आपल्या प्रवासग्रंथाचा आरंभ त्याने त्या जत्रेच्या वर्णनानेच केला. दर्शनमात्रे पावन करणाऱ्या नदीविषयीची ही श्रद्धा त्यानेही नोंदून ठेवली आहे. परक्या राज्यकर्त्याच्या दफ्तरापर्यंत पुराणातले वचन पोचले, ते पंडितांच्या मुखातून नव्हे, तर जत्रेकरूंच्या.

या मुलखात ग्रंथाला आश्रय देण्याची परंपरा फार जुनी आहे. त्रिपुरीच्या कलचुरी राजवंशातील गयाकर्णाची राणी अल्हणदेवी हिने, पुत्र नरसिंहदेव गादीवर असताना, भेडाघाटला शिवाचे मंदिर उभारले, आणि त्याला जोडून मठ, उद्याने व एक व्याख्यानशाला बांधली, असे कलचुरी संवत ९०७ च्या, म्हणजे इसवी सन ११५५ च्या, शिलालेखात नमूद आहे. व्यवस्था रुद्रराशी नावाच्या पाशुपत आचार्याकडे सोपविली होती आणि खर्चासाठी गावे लावून दिली होती. देवालयाबरोबर व्याख्यानाची जागाही बांधली पाहिजे, हे त्या राणीला ज्या सहजतेने सुचले, ती सहजता मला फार मोलाची वाटते. कारण ऐकणारे कान आणि बसण्याची सावली यांची तजवीज ज्यांनी केली, त्यांच्यामुळेच पुराणे टिकली. ती शिला पुढे सातासमुद्रापार, अमेरिकेतील न्यू हेवन येथल्या प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहात गेली. कलचुरींच्या लेखांचा साक्षेपी संग्रह मात्र नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी १९५५ साली सिद्ध केला, आणि त्यामुळे जबलपूरच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला आजही एका मराठी पंडिताचे दार ठोठवावे लागते.

जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध तसा राज्यकारभारातून आला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा प्रांत घेतला, शतकाच्या अखेरीस तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला; पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात नांदल्यामुळे कारकून, वकील, शिक्षक अशी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. राज्ये गेली, सनदा रद्द झाल्या. घाटावरची ये-जा राहिली.

परिक्रमेच्या आचाराकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. नदीचे थोडे जल कुपीत भरून घ्यायचे आणि तिची नित्य पूजा करायची. नदीचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही, अपवाद एकच, तो म्हणजे सागरसंगमाजवळ नावेने दुसऱ्या तटावर जाण्याचा. चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करायचा. पाण्यात साबण लावायचा नाही. संग्रह करायचा नाही. परंपरेने हा काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा मानला आहे. सोबत एक दाखला आणि एक वही असते. जेथे मुक्काम पडेल तेथल्या आश्रमाचा किंवा मंदिराचा शिक्का त्या वहीत उमटतो. सायंकाळी ‘नर्मदे हर’ म्हणून दाराशी उभे राहिले की घरधनी ‘आओ बाबाजी’ म्हणतो, आणि सदावर्त म्हणून कणीक, डाळ, मीठ, एखादा बटाटा पदरात घालतो. कोण, कोठला, कोणत्या जातीचा, ही विचारपूस झालीच तर नंतर होते. परिक्रमा पुरी झाली की कढाई करायची, म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य दाखवून कुमारिकांना जेवू घालायचे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला हुकूम सोडले, अशा मनुष्याला परक्या दारात पीठ मागायला लावणारे हे शास्त्र आहे, आणि अहंकार झिजविण्याचा याहून परिणामकारक उपाय आधुनिक मानसशास्त्रालाही सापडला असेल असे मला वाटत नाही.

या वाटेवर अखंड ऐकू येते ते शंकराचार्यांच्या नावावर असलेले नर्मदाष्टक. त्याचे वृत्त पंचचामर: एका चरणात सोळा अक्षरे, लघूमागे गुरू, लघूमागे गुरू, असा अखेरपर्यंत न मोडणारा क्रम. हे अष्टक आसनावर बसून म्हणताना केवळ नादमधुर वाटते. चालताना मात्र पाऊल आपोआप गुरूवर पडते, श्वासाला लय सापडते, आणि थकवा जणू पद्यात विरघळतो. अर्थ समजण्यापूर्वीच शरीर स्तोत्राच्या स्वाधीन होते, हा अनुभव पायी चालणारे अनेकजण सांगतात, आणि तो सर्वस्वी समजण्यासारखा आहे.

महाराष्ट्राला या नदीचा लळा लावला तो दत्तसंप्रदायाने. सावंतवाडीकडील माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी, १९१४ मध्ये गरुडेश्वरी नर्मदातीरीच समाधिस्थ झाले. पुढे गो. नी. दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली, आणि अलीकडे जगन्नाथ कुंट्यांच्या पुस्तकांनी तर नोकरदार मराठी मनुष्याला घराबाहेर काढले. आता मोटारीने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा उरकणाऱ्या सहली निघतात. वृद्धांना आणि अपंगांना ती सोय हवीच. परंतु धडधाकट मनुष्याने ती पत्करली, तर मागणे, थकणे आणि परक्याच्या ओसरीवर निजणे हे त्या शास्त्राचे गाभ्याचे अध्याय तो न वाचताच पाने उलटतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण झाले आणि १६२ गावांना त्याची झळ पोचली. जुन्या वाटा, घाट, शेते पाण्याखाली गेली. परिक्रमावासी जलाशयाला लांबचा वळसा घालून जाऊ लागले. ज्यांची जमीन गेली, त्यांनी मासेमारीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले. नदीला माता म्हणणाऱ्या आपण सर्वांनी या लोकांची नावनिशी तीर्थांच्या नावांइतकीच पाठ करायला हवी होती. ती केली नाही. ज्या काठाने पिढ्यान्पिढ्या अन्न घातले, त्या काठाचे देणे लागते ही जाणीव फार थोड्यांना झाली.

ती ज्यांना झाली त्यांत भारती ठाकूर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. पायी परिक्रमा करताना काठावरच्या मुलांची शिक्षणाची आबाळ त्यांनी पाहिली, ती लेखणीने नोंदविली, आणि तेवढ्यावर न थांबता त्या पुन्हा नर्मदातीरी जाऊन राहिल्या. खरगोन जिल्ह्यातील मंडलेश्वराच्या परिसरात, लेपा येथे, त्यांनी उभारलेल्या ‘नर्मदालया’त आज खेड्यांतील मुले अक्षरे गिरवितात, गाणी म्हणतात आणि हाताला काम शिकतात.