आसरांचे डोह आणि वरळीचा बेडूक

कसाऱ्याच्या आजूबाजूला पाणी मोप. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा. घाट चढून इगतपुरीच्या अंगाला गेले की ऊर्ध्व वैतरणा. खाली मुरबाडकडे बारवी. मुंबईची तहान मुख्यतः याच मुलखातल्या पाण्यावर भागते. आणि ज्या शहापूर तालुक्यात यातले बरेचसे पाणी अडवले आहे, तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी पाण्याविषयी गोष्टी नसत्या तरच नवल.

जगभर मोठ्या तलावांच्या गोष्टींत एक प्राणी असतो. लांब मान, पाठीवर उंचवटे, क्षणभर वर आला आणि गेला. तो डायनोसॉरच्या काळातला, कसाबसा मागे उरलेला, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. शहापूर-मुरबाडच्या गावात जाऊन पाण्यात काय राहते असे विचारा, असा प्राणी तिथे कोणी सांगणार नाही. तिथे सांगतात ते आसरांविषयी.

साती आसरा म्हणजे सात जलदेवता. कुठे त्यांना मावलाया म्हणतात. नदीच्या डोहाशी, विहिरीच्या काठावर, झऱ्याच्या तोंडाशी शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले असतात. मूर्ती नाही, देऊळ नाही, बहुधा पुजारीही नाही. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात असा साधा मान. भर दुपारी एकट्या बाईने डोहावर जाऊ नये, ओल्या बाळंतिणीने तर मुळीच नाही, नाहीतर आसरा धरतात. दामोदर धर्मानंद कोसंबी मावळातल्या डोंगरवाटांनी हिंडले तेव्हा या मावलायांनी त्यांना फार गुंतवले होते. नांगराच्या शेतीपूर्वीच्या, पशुपालक लोकांच्या मातृदेवतांचा माग त्यांना या दगडांत दिसला. ‘प्राचीन’ हा शब्द या मुलखातल्या पाण्याच्या रहिवाशांना लावायचाच तर तो या अर्थाने लावता येतो. त्या जुन्या आहेत त्या माणसाच्या आठवणीत.

आसरांखेरीज गिऱ्हा. बुडून मेलेल्याचे भूत, पाण्यात राहणारे, रात्री वाट चुकलेल्याला खोल पाण्याकडे नेणारे. कोकणातल्या अशा समजुती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर उतरल्या, त्या गावोगावच्या शाळामास्तरांमुळे. त्यांच्याकडे प्रश्नावल्या पाठवून ही माहिती गोळा करवणारा अधिकारी होता ए. एम. टी. जॅक्सन, तोच, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. त्याची टिपणे पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी छापली. कोकणचा भाग १९१५ साली आला. त्यांतही तळ्या-विहिरींतल्या देवता आहेत, आणि भांडी उसनी देणारे तळेही आहे. ही गोष्ट ठाणे-रायगडकडे अजून सांगतात. लग्नकार्य निघाले की तळ्याकाठी जाऊन मागणे मागायचे, सकाळी काठावर भांडी हजर. कार्य झाले की ती धुऊन परत करायची. मग कोणीतरी एक भांडे ठेवून घेतले आणि तळ्याने देणे बंद केले.

मला ही गोष्ट लांब मानेच्या प्राण्यापेक्षा कितीतरी खोल वाटते. तळे काहीतरी देते, त्याची परतफेड करायची असते, आणि ती चुकली की देणे थांबते, एवढा व्यवहार त्यात स्पष्ट सांगितला आहे.

आता त्या लांब मानेकडे येऊ, कारण आपल्या मुलांच्या डोक्यात आसरांपेक्षा तीच जास्त आहे. स्कॉटलंडमधल्या लॉक नेस या तलावाची कथा सुरू होते सहाव्या शतकातल्या संत कोलंबापासून, असे म्हणतात. प्रत्यक्षात कोलंबाच्या चरित्रातला प्रसंग तलावातला नसून नेस नदीतला आहे, आणि संतांनी श्वापदाला परतवून लावल्याचे चमत्कार तेव्हाच्या चरित्रांत ठिकठिकाणी येतात. आजचा ‘नेसी’ जन्मला तो १९३३ साली. मे महिन्यात इन्व्हरनेसच्या स्थानिक वर्तमानपत्रात पहिली बातमी आली. त्याच वर्षी ‘किंग काँग’ चित्रपट पडद्यावर आला होता आणि त्यात पाण्यातून मान काढणारा एक अजस्र प्राणी होता. १९३४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ‘डेली मेल’ने ते प्रसिद्ध छायाचित्र छापले: काळे पाणी, त्यातून वर आलेली बारीक मान. खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली ती नकली मान होती, हे जगाला कळायला १९९४ उजाडले. साठ वर्षे लोकांनी त्या मानेवर विश्वास ठेवला.

ती मान ज्याची मानली गेली तो प्लेसिओसॉर खरा प्राणी होता. त्याचा पहिला जवळजवळ पूर्ण सांगाडा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेरी अॅनिंग या गरीब घरातल्या तरुणीने १८२३ मध्ये शोधून काढला. प्लेसिओसॉर हवेत श्वास घेणारा, बहुतांशी समुद्रातला सरीसृप. त्याच्या मानेच्या मणक्यांचा अभ्यास सांगतो की हंसासारखी मान उंचावणे त्याला जमले नसते. शिवाय तो वंश ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला, आणि लॉक नेस हे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाखाली होते. एकटा प्राणी कोट्यवधी वर्षे जगत नाही, त्याला कळप लागतो, पिले लागतात. आणि श्वासासाठी सतत वर यावे लागणारा कळप लपून राहत नाही. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या नील गेमेल यांनी त्या पाण्याचे नमुने घेऊन त्यात सांडलेला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता. वाम जातीच्या ईल माशांचा डीएनए मात्र जवळपास प्रत्येक नमुन्यात सापडला.

कोणी म्हणेल, सीलकँथ नावाचा मासाही डायनोसॉरांबरोबर संपला असे मानत होते आणि १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो जिवंत सापडला. खरे आहे. पण तो सापडला अथांग समुद्रात. त्याला लपायला जागाही होती आणि काळही होता.

हाच हिशेब कसाऱ्याला लावून पाहा. तानसाचे धरण १८९२ चे, मोडकसागर १९५० च्या दशकातला, भातसा १९८० च्या दशकातला, मध्य वैतरणा तर २०१४ चे. या तलावांत अनादी काळापासून कोणी दडून बसलेले असणे शक्यच नाही, कारण हे तलाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांदेखत भरले. नद्या मात्र जुन्या, आणि त्यांच्याखालचा दगड त्याहून फार जुना.

कसारा घाटातून गाडी इगतपुरीकडे चढते तेव्हा खिडकीबाहेर काळा कातळ थरांवर थर रचलेला दिसतो. तो दख्खनचा लाव्हा आहे. भूशास्त्रज्ञांनी या थरगटांना नावे दिली ती आपल्या ओळखीच्या गावांची: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. या लाव्ह्याचे वय साधारण ६.६ कोटी वर्षे. म्हणजे प्लेसिओसॉर आणि डायनोसॉर पृथ्वीवरून गेले, त्याच सुमारास हा डोंगर वाहत होता. उल्कापाताने त्यांना संपवले की या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंनीही हातभार लावला, यावर अजून वाद आहे. पण त्या काळाचा साक्षीदार शोधायला स्कॉटलंडला जायला नको, हे नक्की. कसाऱ्याचा घाट ते काम करतो.

लाव्हा सलग वाहिला नाही. मध्ये मध्ये हजारो वर्षे तो थांबे. वरचा थर कुजून तांबडी माती होई, झाडे उगवत, खोलगट जागी पाणी साचून तळी होत. पुढचा लोट आला की सारे गाडले जाई. त्या तळ्यांचा गाळ मुंबईत मलबार हिल आणि वरळीच्या टेकडीत सापडला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या दगडात असंख्य छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले. ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी घडवला, त्या रिचर्ड ओवेन यांनीच १८४७ मध्ये या इवल्याशा बेडकाला शास्त्रीय नाव दिले. आज त्याला ‘इंडोबॅट्रॅकस’ म्हणतात. त्याच टेकडीत एक कासवही मिळाले. मान आत न ओढता बाजूला दुमडून घेणाऱ्या गटातले. त्याला मुंबईतले डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे नाव मिळाले.

आपल्या मुलखातला खरा प्रागैतिहासिक तलावप्राणी म्हणजे हा बेडूक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या उसंतीत एका तळ्याकाठी तो डरावत होता. मोठ्या मानेचा नाही, कोणाला ओढून नेणाराही नाही. पण तो होता, आणि त्याची हाडे दगडात आहेत. मला त्याचे जितके आश्चर्य वाटते तितके नेसीचे कधी वाटले नाही.

लीथ यांचे नाव एका जिवंत कासवालाही आहे. दख्खनच्या नद्यांत राहणारे मऊ पाठीचे मोठे कासव, शास्त्रीय नाव ‘निल्सोनिया लीथी’. पाठ अर्ध्या मीटरच्या पुढे वाढते, मान लांब, नाकाची नळी पुढे आलेली. गढूळ पाण्यातून ती नळी आणि मान वर आली, तर पाहणाऱ्याने काय पाहिले म्हणून सांगावे? व्हिएतनाममध्ये हनोईच्या होआन किएम तलावात अशाच मऊ पाठीच्या महाकाय कासवाची दंतकथा शतकानुशतके चालत आली होती. राजा ले लोईची तलवार परत घेऊन पाण्यात गेलेले सोनेरी कासव ते. लोकांना ते अधूनमधून दिसायचे. २०११ मध्ये उपचारासाठी बाहेर काढले तेव्हा त्याचे वजन १६९ किलो भरले. जानेवारी २०१६ मध्ये ते मेले. त्याच्या जातीची जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच कासवे उरली होती.

दंतकथेमागे कधी खरा प्राणी असतो तो असा. आपल्याकडे मगर आहे. पवईच्या तलावात, चिपळूणच्या वाशिष्ठीत, सांगलीच्या कृष्णेत. मगरींचा वंश डायनोसॉरांबरोबरचा आणि त्यांच्यानंतरही टिकलेला. गजेंद्राचा पाय धरणारा नक्र कल्पनेतून आला असे म्हणायचे कारण नाही. पाणमांजरे एकामागून एक पोहतात तेव्हा बुडणाऱ्या-वर येणाऱ्या पाठींची रांग एकाच लांब प्राण्यासारखी दिसते. धरणात बुडालेल्या झाडांचे ओंडके कुजताना वायूने फुगून एकदम वर येऊ शकतात. वाम तर समुद्रात जन्मते आणि नदीनाल्यांतून वर चढत घाटाच्या पायथ्यापर्यंत येते. मोठी झाली की मीटरभराहून लांब, काळपट, सापासारखी.

मराठी मुलखात दैत्याचे तळे एकच प्रसिद्ध, बुलढाण्यातले लोणार. लवणासुराची ती गुहा, विष्णूने त्याला तिथे मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर. विवर खरोखर आकाशातून आलेल्या आघाताने झाले, आणि पाणी इतके खारट व अल्कधर्मी की त्यात मासाही जगणे कठीण. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा कारण निघाले सूक्ष्मजीव.

कॅनडातल्या ओकानागन तलावाची गोष्ट मला कसाऱ्याच्या सर्वांत जवळची वाटते. तिथल्या सील्क्स आदिवासींसाठी त्या पाण्यात एक पवित्र शक्ती आहे. पाणी ओलांडण्यापूर्वी तिला मान द्यायचा. बाहेरून आलेल्या वसाहतकऱ्यांनी तिचा राक्षस केला, १९२० च्या दशकात एका विनोदी गाण्यावरून त्याला ‘ओगोपोगो’ नाव दिले, पुतळे उभारले, खेळणी विकली. २०२१ मध्ये व्हर्नन शहराच्या नगर परिषदेने त्या नावावरचा हक्क सील्क्स लोकांकडे सोपवला. पाण्याशी नाते असलेल्या माणसाला तिथे देवता दिसत होती, पाहुणा म्हणून आलेल्याला प्राणी दिसला. आसरांचे असे होऊ नये, असे मला मनापासून वाटते. आपल्या तलावांच्या काठी आता सुट्टीत गर्दी असते, आणि एखाद्या ‘तानसाच्या राक्षसा’ची चित्रफीत कोणीही एका संध्याकाळी बनवू शकतो.

भीतीचा मान कसा ठेवायचा हे इथल्या लोकांना ठाऊक आहे. दिवाळीच्या तोंडावर, शहरात वसुबारस असते त्याच दिवशी, महादेव कोळी आणि ठाकर पाड्यांवर वाघबारस होते. गुरे नेणाऱ्या वाघालाच नैवेद्य. डोहाचेही तसेच. आसरा धरतात म्हणून भर दुपारी जिथे कोणी उतरत नाही, तिथे कपारी, भोवरे, शेवाळाचे दगड असतात. पोहता न येणाऱ्या मुलाबाळांचा जीव त्या नियमाने वाचतो. आणि माशांचाही. वैतरणेच्याच काठी, वाडा तालुक्यात तिळसे येथे तिळसेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या डोहात महाशीर, आपला खवल्या, मोठाल्या आकाराचे झुंडीने फिरतात. ते देवाचे मासे, कोणी धरत नाही. महाशिवरात्रीला यात्रेकरू त्यांना खाऊ घालतात. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडात वरदायिनीच्या नावाने हाच नियम पाळला जातो. जाळे, सुरुंग आणि विषारी पावडर यांनी बाकी नद्या ओस पडत असताना हे डोह भरलेले आहेत.

महाशीर पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. वैतरणेवर तिळशाच्या वर आता एकापाठोपाठ तीन भिंती आहेत. लीथच्या कासवाला वाळूचे काठ लागतात, ते उपशाने जातात. वाम समुद्राकडे परतायला निघते आणि अडते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आसरांचे किती डोह उरले आहेत, कोणत्या पाण्याखाली गेले, कुठे अजून दहीभात ठेवतात आणि त्या डोहात कोणता मासा, कोणते कासव राहते, याची गावनिहाय नोंद एकदा व्हायला हवी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समजुती नोंदवण्याचे असेच काम शाळामास्तरांनी केले होते. आजही अनेक पाड्यांवर शाळा आहेत, आणि डोह दाखवू शकणाऱ्या आज्या अजून आहेत. येत्या उन्हाळ्यात, पाणी खाली गेले की, जुने काठ उघडे पडतील. सुरुवात करायला तो काळ चांगला.