सहल दोघांची, चाल सावकाश चालणाऱ्याची

परदेशात राहून शिकवणारी मुले शनिवार-रविवारी जवळचे एखादे गाव पाहून येतात आणि त्यांची छायाचित्रे सोलापुरातील घरी आईवडिलांच्या मोबाइलवर पोहोचतात. आईवडील ती कौतुकाने पाहतात, शेजाऱ्यांना दाखवतात. मात्र आपल्या घरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेला नळदुर्गचा किल्ला आपण शेवटचा कधी पाहिला, हे त्यांना आठवत नाही. कारण विचारले तर दोन उत्तरे मिळतात. एक, ‘आता आमचे वय राहिले नाही.’ दुसरे, ‘यांना घेऊन जायचे तरी कसे?’ पहिल्या उत्तरात संकोच आहे, दुसऱ्यात खरी काळजी आहे. या काळजीचे उत्तर शोधता येते.

घरी बसण्याचीही किंमत असते, हे प्रथम लक्षात घ्या. चालणे कमी झाले की पायांची ताकद घटते, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका वाढतो. दोघांपैकी एक आजारी असेल, तर सांभाळणाऱ्याचेही जग आक्रसत जाते. गोळ्या, तपासण्या आणि पथ्यपाणी यांपलीकडे दोघांत बोलण्याचा विषय उरत नाही. दोन दिवसांच्या सहलीने आजार बरा होत नाही; पण रुग्ण आणि शुश्रूषा करणारा या नात्याआधी आपण पती-पत्नी आहोत, याची आठवण ती करून देते.

एका दिवशी एकच ठिकाण

सहलीचे माप उत्साही जोडीदाराच्या नव्हे, तर सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी ठरवावे. एका दिवशी एकच मुख्य ठिकाण, तेही सकाळी. दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी झेपेल तेवढा फेरफटका. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर एकाच दिवसात ‘उरकण्याचा’ बेत वृद्धांसाठी नाही.

ऋतू हिवाळ्याचा निवडावा. सोलापूरचा उन्हाळा तापमान चाळीस अंशांपलीकडे नेतो आणि वाढत्या वयात शरीराला उष्णता सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. फक्त जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा गर्दीचा विचार करावा.

शनिवारी सकाळी नळदुर्गला जाता येईल. बोरी नदीच्या पात्रात बांध घालून त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल ही आदिलशाही काळातील स्थापत्याची कमाल आहे. पावसाळ्यात बांधावरून कोसळणारे पाणी देखणे दिसते. पण त्याच दिवसांत दगड निसरडे होतात. किल्ल्याचा विस्तार मोठा असून पायऱ्या ओबडधोबड आहेत. उंच बुरुज चढण्याचा हट्ट नको. सावलीत बसून तटबंदी न्याहाळणे हेही किल्ला पाहणेच आहे.

इतिहासाची आवड असेल, तर दक्षिण सोलापुरातील हत्तरसंग कुडल निवडा. तेथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. तेथील शिलालेख शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा असून मराठीतील आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. गुडघे दुखणाऱ्यांना तुळजापूरची एक गोष्ट आधी सांगायला हवी : देवीच्या मंदिरात जाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जड जाते. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरावे.

संध्याकाळ हिप्परग्याच्या तलावाकाठी घालवता येते. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात आणि ते पाहण्यासाठी पायपीट करावी लागत नाही.

पाण्याचा घोट आणि स्वच्छतागृह

प्रवासात अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, मुद्दाम पाणी पीत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह मिळेल का, ही चिंता त्यामागे असते. वयानुसार तहानेची जाणीवही मंदावते. परिणामी चक्कर, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग अशा तक्रारी सहलीनंतर उद्भवतात. म्हणून वाटेतील थांबे निघण्यापूर्वीच ठरवा. दर तासा-दीड तासाने गाडी थांबवा, चार पावले चाला. बसल्या जागी घोटे वरखाली हलवत राहा. त्यामुळे पायांवरची सूज आणि रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून पिण्याची सूचना असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवसाबद्दल डॉक्टरांनाच विचारा. स्वतःहून गोळी टाळू नका.

अनवाणी पायांची काळजी

देवदर्शन हा आपल्याकडील सहलीचा अविभाज्य भाग आहे आणि मंदिरात आपण अनवाणी जातो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असू शकते. दुपारी तापलेली फरशी त्यांना भाजते, पण ते कळत नाही. फोड दिसतो तो रात्री किंवा दुसऱ्या दिवशी. यासाठी दर्शन सकाळी घ्यावे, जाड सुती मोजे घालण्यास परवानगी असेल तेथे ते घालावेत आणि रात्री दोन्ही तळपाय उजेडात नीट तपासावेत. स्वतःला वाकता येत नसेल, तर जोडीदाराने पाहावेत. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग झेपणार नसेल, तर मुखदर्शनाचा पर्याय आहे. लांबून पाहिल्याने विठ्ठल परका होत नाही.

पिशवीत काय हवे?

नेहमीची औषधे दोन दिवसांऐवजी चार दिवसांची घ्या आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. औषधांची यादी, आजारांची नोंद आणि घरच्यांचा फोन क्रमांक एका कागदावर लिहून दोघांच्याही खिशात असू द्या. इन्सुलिन उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवू नये. तापलेल्या गाडीत ते निकामी होते. मधुमेहींनी साखर किंवा ग्लुकोज जवळ बाळगावे. घाम, थरथर, अचानक गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तरच तोंडाने साखर द्यावी.

सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांचा मोह कोणाला होत नाही? चटणीची चव जरूर घ्या. पण रक्तदाब असणाऱ्यांनी त्यातले मीठ ध्यानात ठेवावे. कवळी असेल, तर कडक भाकरी आमटीत कुस्करून खावी. इथल्या घरांतली रीत तीच आहे.

जोडीदाराला विस्मरणाचा आजार असेल, तर मुक्काम टाळून दिवसभराची छोटी सहल करणे बरे. अनोळखी खोलीत रात्री त्यांचा गोंधळ वाढतो. मुक्काम करायचाच असेल, तर मंद दिवा चालू ठेवा, घरची उशी किंवा पांघरूण सोबत न्या आणि गर्दीत क्षणभरही त्यांना एकटे सोडू नका.

छातीत दुखणे, दम लागणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही झाले तर ‘घरी जाऊन पाहू’ म्हणू नका. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, ताप असेल किंवा हृदयविकाराचा झटका येऊन फार दिवस झाले नसतील, तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय निघू नका.

रविवारची सकाळ

दुसरा दिवस शहरासाठी ठेवा. पाण्याने वेढलेले सिद्धेश्वर मंदिर आणि जवळचा भुईकोट किल्ला सकाळच्या उन्हात पाहून घ्या. मग भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात थोडा वेळ शांत बसा. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेला. तेथे जखमींवर शस्त्रक्रिया करता करता तो वैद्यकाचे शिक्षणही देऊ लागला. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१च्या अखेरीस त्याचा विवाह झाला. परक्या देशात शिकवणारा तो आणि त्याची सहचारिणी, यांच्या वाट्याला निवांत शनिवार-रविवार कुठले आले असणार? १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याच्या ‘यिनहुआ’ या नावात भारत आणि चीन दोन्ही सामावले होते. अपस्माराचे झटके येत असतानाही डॉक्टरांचे काम चालूच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सहजीवन जेमतेम एका वर्षाचे. क्वो छिंगलान त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे जगल्या. पतीच्या देशाला त्यांनी अनेकदा भेट दिली, पण त्यांच्यावाचून.

तुम्हा दोघांना चाळीस-पन्नास वर्षांची सोबत लाभली असेल. ‘मुले आली की जाऊ’, ‘गुडघ्याचे ऑपरेशन झाले की जाऊ’ असे म्हणताना हे दैव किती मोठे आहे, ते विसरू नका. मोठी यात्रा जमेल तेव्हा जमेल. येत्या हिवाळ्यातील एक शनिवार आताच दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा, डॉक्टरांना पुढच्या भेटीत तसे सांगा आणि जायचे ठिकाण, दोघांपैकी जो सावकाश चालतो, त्यालाच निवडू द्या.